वातीपुरता कापूस

२६ जून १९४४
अर्ज लिहून झाले. लढाईपायी सरकारला धान्य हवंय. कपाशीऐवजी ज्वारी पेरली की एकरी मदत. गावात बरं अक्षर माझंच, म्हणून आपल्याबरोबर आणखी पाच जणांचे अर्ज. "सदर शेतात कपाशीचे एकही झाड असणार नाही." सहा वेळा! बोटं दुखली. हे म्हणाले, मदत आली की अमळनेरच्या शिंप्याचं जुनं शिवणयंत्र तुझं. शिंपी दिवाळीपर्यंत थांबणार आहे. पाचोऱ्याला माहेरी शेजारणीचं यंत्र चालवायची. लग्न झाल्यापासून पायांना चैन नाही.

२ जुलै
पेरणी. पाभरीमागे सासूबाई (घरच्या आणि गावच्याही अक्का). सकाळी ओसरीवर शेणात सरकी चोळत बसल्या होत्या. म्हशीच्या सरकीला शेण कशाला? विचारायचं राहून गेलं.

३० ऑगस्ट
घात झाला. ज्वारी छातीला लागली, आणि खालच्या बांधाशी ओळीनं कपाशी! पिवळी फुलंसुद्धा. तरीच पेरणीच्या दिवशी ती शेणातली सरकी! सतरा झाडं मोजली. अक्कांना विचारलं, तर लाजणं दूरच.
"देवनी वात घरना कापूसनीच. बाजारना कापूस मना देवले चालत नही."
अहो अक्का, सरकारला लिहून दिलंय.
"सरकारले काय, वात थोडी लावनी शे?"
ह्यांना म्हटलं, उपटा. तर हे, "तूच उपट. मनी माय शे ती." वा रे वाघ!

५ सप्टें.
उजाडता उजाडता उपटायला गेले. पहिल्या झाडाला हात घातला, तो बांधावर अक्का गवत कापताहेत.  मला बघून फडकं सोडलं, भाकरी पुढे केली. भाकरी खाऊन परत आले. माझ्यासारखी भित्री मीच.

१९ सप्टें.
शेतकीचे साहेब पाहणीला आले. सायकल, कोट, गुडघ्यापर्यंत चिखल. आणि अक्कांनी कपाशीवर धुतलेलं लुगडं पसरून ठेवलेलं! नऊ वारही पुरले नाहीत. टोकाची दोन झाडं फुलं मिरवत बाहेरच.
"आजी, घर सोडून शेतात वाळवण?"
तेवढ्यात वारा सुटला आणि उरलेलं काम त्यानं केलं. साहेबांनी लुगड्याची नीट घडी करून अक्कांच्या हातात दिली. मग आमचा अर्ज काढला, वाचला. अक्षर कोणाचं? म्हटलं, माझं.
"मग तुम्हीच सांगा बाई. किती झाडं लिहू?"
हे आभाळ बघायला लागले. यंत्राचं चाक माझ्या डोळ्यांपुढे गरगर फिरलं. पण मास्तरांची लेक पडले. तोंडातून निघालं, सतरा.
"वातीपुरता शे," अक्का मध्येच. "तुमना घर देव नही का, सायेब?"
साहेब हसले. वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही. ते गेल्यावर खूप रडू आलं. मग वाऱ्यावरचं लुगडं आठवलं आणि हसू आवरेना.

१२ ऑक्टो.
सरकारी कागद अजून नाही. दिवाळी चार दिवसांवर. हे काल न सांगताच अमळनेरला गेले आणि शिंप्याला आणखी पंधरा दिवस थांबवून आले. आज खिडकीजवळची कणगीही हलवली. म्हणे, उजेड हवा ना शिवायला. इतकं बरं वाटलं!
पहिली पाच बोंडं फुटली. अक्कांनी सरकी काढून कापूस माझ्यापुढे ठेवला. "वळ. आज देवपुढे तुना यंत्रनी वात."
म्हटलं, ज्या कापसानं यंत्र अडवलं, त्याचीच वात?
"मंग! यंत्र कोठे अडनं, त्यालेच ठाऊक शे ना."
वळली. जरा जाडच झाली. डाकवाला सोमवारी येतो. तोवर जळो म्हणावं.