घाटमाथ्यावर इंजिन चालू

३ फेब्रुवारी
आटपाडीला नणंदेकडे, आक्कांकडे निघाले होते, पोचले नाही. वर्धनगडच्या घाटात गाडीचा जीवच गेला. अॅक्सिलरेटर दाबावा तर नुसता फुस्स आवाज आणि मागे काळा धूर. उसाची ट्रॉलीसुद्धा मला मागे टाकून गेली. कशीबशी वळवून साताऱ्याला परत.

रोहितचा पुण्याहून फोन. "आई, टर्बो गेला असणार. बाबांची गाडी म्हणून किती दिवस ठेवणार? विकून टाक. आक्काआत्याला मी ड्रायव्हरसकट गाडी ठरवून देतो."

बिचारा चांगल्या मनाने म्हणतो. पण आक्का परक्या गाडीत बसत नाहीत. मागे एकदा ठरवली होती, ती दारातूनच परत पाठवली. आणि १८ ला सांगलीत त्यांच्या डोळ्याचं इंजेक्शन. एक डोळा गेलाच. दुसऱ्याची तारीख चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

५ फेब्रुवारी
कोरेगावला आण्णाप्पा मिस्त्रींकडे. हे होते तेव्हापासूनचे मिस्त्री. मूळ सांगलीकडचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवायला जातात म्हणून सकाळीच गाठले.

"टर्बो गेलाय का हो?"

"वैनी, थांबा की जरा. डागदरकडं गेल्यावर आधी रोगाचं नाव सांगता व्हय? धूर कसला? काळा, निळा, का पांढरा?"

हसूच आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत आमच्या सिस्टर क्लेअर हेच म्हणायच्या. आधी काय दिसलं ते सांगा, मुलींनो, काय वाटलं ते नंतर. बर्नरचा वास, आमचे पांढरे मोजे, त्यांचं ते केरळी वळणाचं इंग्रजी. किती दिलं त्यांनी, आणि आम्ही कधी नीट आभारसुद्धा मानले नाहीत.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही. मिस्त्रींनी टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याकडून, येणाऱ्या रबरी पाइपवर साबणाचं पाणी फासलं, मला अॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. खालच्या अंगाला बुडबुडेच बुडबुडे. पाइप उलला होता. बदलला. ओढ परत आली! उगीच टर्बोला नावं ठेवली.

आक्कांना फोन केला. "अठराला येते हं."
"यी बाई. मी कुटं पळून जातीया?"

८ फेब्रुवारी
सकाळी गाडी चालू केली तर मागे निळा धूर. थोडाच वेळ. ऑइलची पट्टी काढून पाहिली, पातळी खाली गेलीय. परवा काळा, आज निळा. रोहितला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
पुन्हा कोरेगाव. निळा म्हणजे तेल जळतंय. मिस्त्रींनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला, आत तेलाचा ओलावा. पंख्याचा दांडा मला बोटाने हलवायला लावला. आडवा किंचित हलला तर चालतं म्हणे, पुढे-मागे हलता कामा नये. हा टकटक पुढे-मागे. पाती मात्र कुठे घासलेली नाहीत. देवाची कृपा.

"कशानं झालं ते कळल्याबिगर नवं बसवणार न्हाई. न्हाईतर तेबी जाईल."

हवेचा फिल्टर स्वच्छ. तेल परत नेणारी नळी मोकळी. तेल आणणारी मात्र आतून कोळशासारखी. "तेल भाजलंय हितं. गाडी तापल्याली असताना झटकन बंद करता काय?"

छे, म्हटलं. ह्यांनी शिकवलं तशीच चालवते.

१० फेब्रुवारी
निरांजन लावताना आठवलं. ह्यांनी शिकवलं तशीच, म्हणजे कशी? घाट चढून माथ्यावरच्या देवळापाशी थांबायचं, लगेच चावी फिरवायची, उतरून नारळ फोडायचा. "देवापुढं गाडी घुरघुरत उभी करायची नाही." लष्करात होते, तरी तिथे टोपी काढून उभे राहायचे. ते गेल्यावर मी एकदाही चुकवलं नाही. टर्बो सगळ्यात तापलेला असतो तो नेमका तिथेच. इंजिन बंद झालं की तेल थांबतं, आतलं जागच्या जागी जळतं.

मिस्त्रींना फोन केला. थांबायचं ठिकाण सांगितलं.
"वैनी, मी बी तितंच बंद करतो की!"
मग दोघंही इतकं हसलो.

१६ फेब्रुवारी
टर्बोचं मधलं कार्ट्रिज, म्हणजे दांडा-पंख्याचा गाभा, आणि तेलाची नळी नवी. चालू करायच्या आधी मिस्त्रींनी आत थोडं तेल सोडलं. बाळाला घुटी द्यावी तसं. पहिले काही दिवस बघा म्हणाले. रोहितला सगळं सांगितलं. "या वेळी जा. परत धूर आला तर मात्र विकायची." कबूल केलं.

१८ फेब्रुवारी
पहाटे निघाले. माथ्यावर थांबले, चावीला हात लावला नाही. सीटवरूनच हात जोडले. गाडी घुरघुरत होती. फार चुकल्यासारखं वाटलं, ह्यांची आठवण आली. टर्बो निवायला दोन मिनिटं दिली, मग बंद करून उतरले.

आक्का तयार होत्या. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता यायची नाही, मेंढरांची भीती वाटायची. ह्याच बाईने कधी कुणाला माझ्यावर हसू दिलं नाही. गाडीच्या सीटवरचं घोंगडं त्यांनीच दिलेलं. वाटेत देवळाचं सांगितलं.

"आगं, देव पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मेंढरांचं बें बें ऐकत बसलाय. त्याला तुज्या इंजिनाचा काय तरास?"

सांगलीत इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, पुढच्या महिन्यात बघू. आक्कांनी डोळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "निर्मल, म्होरल्या बारीला मलाबी त्या देवळाला ने. दिसलं तर बघीन. न्हाईतर तू सांग काय दिसतंय ते."

नेईन म्हटलं.

आज आटपाडीलाच मुक्काम. गाडी आक्कांच्या अंगणात उभी आहे. सकाळी थंड इंजिन चालू करून मागे जाऊन धूर येतो का बघायचं.