कोरं केलेलं कार्ड

मी वसराम धनू राठोड, वय ५८, धंदा फोटोग्राफी, राहणार गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, असे लिहून ठेवतो की, हृदय अधू झाले असले तरी माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही.

१. राहते घर पत्नी भिकाबाई हिचे. तिच्या हयातीत मुलगा ओमप्रकाश याने ते विकू नये. तांड्यावरचे दोन एकर शेत त्याचे. माझा भाऊ किसनसिंग याच्याशी बांधावरून असलेला अबोला त्याने मोडावा. खुणेचा दगड मीच सरकवला होता.

२. स्टुडिओतला कॅमेरा, कॉम्प्युटर व दोन्ही हार्ड डिस्क करुणा प्रमोद खंदारे, रा. हिंगोली, यांना द्याव्यात. कारण लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

२००६ साली मी डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हा एडिटिंग करुणाबाई करायच्या. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलचे सॉफ्टवेअर त्या स्वतःच शिकल्या आणि कामाची रीत लावली. आधी कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचे, तारीख आणि गावाच्या नावाने फोल्डर करायचा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची. मग निवड, मग रंग-उजेड. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड कोरे करायचे नाही. हे सगळे लिहून त्यांनी भिंतीला कागद चिकटवला होता. मी हसायचो.

मे २००७ मध्ये शिरड शहापूरच्या जळबा कांबळे यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले. त्यांची पत्नी जनकाबाई कॅन्सरने खंगलेली. मांडवात उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "दादा, माझा एक चांगला काढा. लेकीला ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न होते. घाईत मी कार्ड न उतरवताच कोरे केले आणि त्यावरच ते लग्न काढले. पंधरा दिवसांत जनकाबाई गेली. जळबा फोटो न्यायला आले, तेव्हा मी म्हणालो, "करुणाबाईच्या हातून पुसले गेले."

तिथेच कॉम्प्युटरवर बसलेल्या करुणाबाई म्हणाल्या, "साहेब, कार्ड माझ्याकडं आलंच न्हाई."

मी मान वर केली नाही. त्या पर्स उचलून निघून गेल्या. गोरेगावात पुढे कोणी त्यांना काम दिले नाही.

३. माझ्या मरणानंतर वरील मजकूर स्टुडिओसमोर मोठ्याने वाचावा, असे मी लिहिले होते. ते आता रद्द. आज साक्षीसाठी जळबांना बोलावून हे सारे मीच त्यांना वाचून दाखवले. त्यांनी सहीसाठी पेन हातात घेतला. मग म्हणाले, "वसरामभाऊ, तुमी मेल्यावर सांगणार व्हते? त्या बाईनं तवर काहून थांबावं? सही करतो. पण आताच हिंगोलीला चला, मी संगं येतो."

हिंगोलीची जीप भरत आली आहे. बाकीची कलमे परत आल्यावर लिहीन.

ठिकाण: गोरेगाव. ता. ११ फेब्रुवारी २००९, सकाळी दहा.

लिहून ठेवणार: वसराम धनू राठोड

आमच्यासमोर सही केली:
१) जळबा सटवा कांबळे, शिरड शहापूर
२) उत्तमराव कावरखे, निवृत्त शिक्षक, गोरेगाव