एकमताने मंजूर

हुमनाबाद,
१२ नोव्हेंबर १९५४

प्रिय हेमावती,

तुझं कार्ड सकाळी पोचलं. तुझे अप्पा गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचं कारण आज सांगतो.

देशी औषध सल्लागार मंडळात आम्ही सात जण. अप्पा हळ्ळीखेडचे वैद्य म्हणून, मी चिटणीस म्हणून. शाळा चौथीपर्यंतची, तरी माझ्या वहीत खाडाखोड सापडायची नाही. गुलबर्ग्याचे साहेबसुद्धा हे मानतात. अप्पांचा विरोध एकाच औषधाला, सरकारी दवाखान्यात वाटायच्या बाळघुटीला. तिच्यात अफू आहे, लेकरू निजतं ते त्यानं, असं ते दर बैठकीत सांगायचे आणि घुटी पुढं ढकलली जायची.

अप्पांना मळ्यात समाधी दिली, त्याच्या नवव्या दिवशी बैठक होती. पाच जण लागतात, आलो चौघंच. पाच न भरले तर बैठक नाही, भत्ता नाही, मोटारभाडंही पदरचं. अप्पांचं नाव सरकारनं अजून कमी केलं नव्हतं. मी त्यांच्या नावापुढं ‘हजर’ लिहिलं. त्या दिवशी घुटी एकमताने मंजूर झाली. पाचांच्या एकमताने.

पुढच्या महिन्यात शिपाई निंगप्पा हजेरी घेत होता. अप्पांचं नाव पुकारलं, जरा थांबला आणि खूण करून पुढं गेला. मी रागावलो, तर म्हणाला, “साहेब, व्हय म्हणले की. तुमाला ऐकू आलं न्हाई?” भत्ता वाटायला वही उघडली तर अप्पांच्या रकान्यात मोडी सही, शाई ओली, खाली ‘नामंजूर’. भिंग लावून अक्षर तपासलं. अक्षर अप्पांचंच, चूक काढता आली नाही. पान फाडून मी नवं लिहिलं. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. गेल्या महिन्यात ‘नामंजूर’च्या खाली आणखी एक शब्द होता: निलम्मा. आमच्या कागदांत या नावाचं कुणी नाही. एखादी रोगी असेल म्हणून सोडून दिलं.

आज तुझं कार्ड वाचलं. आठ दिवसांपूर्वी लेकीचं बारसं केलंस, नाव निलम्मा ठेवलंस. दवाखान्याच्या घुटीनं पोर दिवसभर निजते, दुधालाही उठत नाही, असं कौतुकानं लिहिलंस. हेमा, ती घुटी मी मंजूर केली आहे. आत्ता बंद कर आणि लेकराला घेऊन मोठ्या डॉक्टरकडं जा. टपालाला तीन दिवस लागतात, म्हणून हे पत्र मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो दारात थांबेल. पोर जागी झाली का, तेवढंच त्याच्याजवळ लिहून दे.

तुझ्या अप्पांपुढं मान खाली घातलेला, तुझाच
अंबाजीकाका