हवेचा भुरका

२३ ऑगस्ट

आलो एकदाचे. एस्किल वाटभर शीळ घालत गाडी चालवत होता आणि मी मागच्या सीटवरच्या कुंड्या सांभाळत होते. दक्षिणेतलं माल्मो सोडताना माझी आई म्हणाली होती, उत्तरेला माणसं कमी आणि डास जास्त. डास अजून दिसले नाहीत. घर एस्किलच्या आत्याचं, पिवळं, खिडकीतून समुद्र दिसतो. स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की मला घासायला काही उरलंच नाही, आणि हे माझ्या हातून लिहिलं जाणं म्हणजे विशेषच.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी स्वागताला आंबवलेल्या हेरिंग मासळीचा डबा फोडला. डबा आतल्या आंबण्याने टम्म फुगलेला. टोचल्याबरोबर पाणी उडालं आणि असा वास आला की माझे डोळे भरले. मी नाकाला रुमाल लावला तर सगळं अंगण हसलं. एस्किलचा चुलतभाऊ म्हणाला, दक्षिणेकडची नाकं नाजूक. हिला एक वर्ष द्या, डबा चाटूनपुसून खाईल. मी म्हटलं, त्याआधी मला समुद्रात ढकला.

नर्सला किळस येऊन कसं चालेल, असं लोक विचारतात. मला येते, भरपूर येते. पू, ओकारी, सगळं मी निमूट पुसते आणि घरी येऊन कोपरापर्यंत हात घासते. एस्किल त्यावरून चिडवतो. पण खूश आहे तो. सॉल्विक त्याचं गाव आहे, आणि मी हो म्हटलं म्हणून आम्ही इथे आहोत.

२७ ऑगस्ट

वृद्धाश्रमात रुजू झाले. खाडीवर लाकडी इमारत, सगळीकडे कॉफीचा वास. प्रमुख सिव म्हणून आहे, साठीची, रुंद हाडाची, कमी बोलणारी. माझं काम प्रत्येकाची हिस्टरी, म्हणजे दुखण्याखुपण्याची माहिती, नव्याने घेण्याचं. जुन्या कागदांवर भूक ठीक, झोप ठीक, शौचास ठीक. नव्वदीच्या माणसाचं सगळं ठीक कसं असेल? हा निव्वळ आळस आहे.

मी सिवला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, बाई, विचार काय विचारायचं ते, पण चालता चालता विचार, टीव्ही चालू ठेव. आणि म्हातारे दुखण्याचं बोलायला लागले की ओठ मिटून ऐक. मी दक्षिणेची बडबडी म्हणून टोमणा असेल असं समजून सोडून दिलं.

हिस्टरी घेण्यात मी वर्गात पहिली होते. कुठे, केव्हापासून, कसं, कशाने वाढतं, कशाने उतरतं. मध्ये बोलायचं नाही. माणूस थांबला की आपणही थांबायचं, खरी गोष्ट त्या थांबण्याच्या पलीकडे असते. टीव्ही चालू ठेवून हे कसं होणार?

३१ ऑगस्ट

ही माणसं बोलतच नाहीत. मी टीव्ही बंद करते, समोर बसते, विचारते. ती खिडकीबाहेर बघतात.

आज नाश्त्याला त्याचं कारण सापडलं. एस्किल पेपर वाचत होता आणि दर बातमीला ओठांचा चंबू करून हवा आत ओढत होता. गरम कॉफीचा भुरका मारावा तसा आवाज, फक्त कॉफीशिवाय. इथे हो म्हणायची हीच रीत. दुकानात, बसमध्ये, चर्चमध्ये, सगळे हवेचे भुरके मारून हो म्हणतात. एस्किल तर वाचतानाही छापील मजकुराला हो म्हणतो, आणि आपण काय करतोय ते त्याला ठाऊकही नसतं. माल्मोत मी यावरून त्याची इतकी नक्कल केली आहे! आणि इथे मी म्हाताऱ्यांसमोर दक्षिणेची मान हलवत बसते. त्यांना वाटत असणार, ही बाई ऐकतच नाही.

दुपारभर भुरक्याचा सराव केला. एस्किल पेशंट झाला आणि गुडघा धरून विव्हळला. हसून हसून पोट दुखलं.

३ सप्टेंबर

जमलं! हिल्डिंग, ब्याण्णव वर्षांचा मच्छीमार, आजवर हूं की चूं न करणारा. मी विचारलं, तो थांबला, मी थांबले, आणि मग अलगद भुरका मारला. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागला. म्हणाला, पोरी, जिभेखाली काहीतरी निजलंय. माशाच्या कातडीसारखं, बुळबुळीत. वसंतापासून आहे. थुंकलं की जातं, गिळलं की परत येतं. जेवणाला त्याची चव लागते. डॉक्टरला काही दिसत नाही. मी मुळापर्यंत विचारत गेले आणि दर उत्तराला भुरका. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाला, इतकं कुणी विचारलं नव्हतं.

दारात सिव उभी होती. तिने ओठ दाबून धरले होते. तशीच निघून गेली. मत्सर, दुसरं काय.

४ सप्टेंबर

हिल्डिंगने आज तीन बटाटे आणि सामन मासा चापला आणि स्वयंपाकिणीला लग्नाची मागणी घातली. मला मात्र तोंडाला चव नाही. परवा चुलतभावाकडे तो घाणेरडा डबा पुन्हा फोडला होता, त्याचंच असणार.

८ सप्टेंबर

दिवसातून सहा-सात वेळा दात घासते. जिभेखाली बुळबुळ. आरशात सगळं गुलाबी, स्वच्छ दिसतं. एस्किलने चुंबन घेतलं तर मी तोंड फिरवलं. त्याला काय सांगू, माझ्या तोंडात माशाचं कातडं आहे म्हणून?

आज यूडितची हिस्टरी घेतली. एकेकाळची शिवणकाम शिकवणारी बाई, अजून कॉलर कडक इस्त्रीची. तिचं म्हणणं, पोटऱ्या आतून पाझरतात. कातडी अखंड आहे, पण सकाळी चादर ओली, आणि त्या ओलीला तळघरातल्या कुजक्या बटाट्यांचा वास. इतकी वर्षं लाजेने कुणाला बोलली नव्हती. मी चादर पाहिली, वास घेतला, ओकारी दाबली. आणि भुरके मारले, मन लावून.

१० सप्टेंबर

माझे मोजे ओले आहेत.

कोरडे घातले, तासाभरात पुन्हा ओले. पायाला जखम नाही, खरचटलेलंही नाही. पांढरा चिकट ओलावा आणि तोच वास. यूडित खालच्या दालनात रेडिओच्या गाण्यावर नाचत होती. माझ्याकडे बघून हात हलवला.

मी काय लिहायचं टाळते आहे ते मला कळतंय.

१५ सप्टेंबर

यादीत पुढचा आल्वार होता. त्याच्याकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. तोच आला. जुना पोस्टमन, नीट भांग पाडून, कोट घालून, हातात दालचिनीचा बन. म्हणाला, माझीही हिस्टरी घे की गं. मी म्हटलं, उद्या. तो बसलाच. घशात केस अडकलाय म्हणाला, बायको गेली तेव्हापासून. ओढावा तर लांबतच जातो.

मी ओठ दातांखाली धरले होते. धरलेच होते. पण इतके दिवस सराव करून लावून घेतलेली सवय, तोंडाने आपसूक भुरका मारला. आल्वारने घसा खाकरला, गिळून पाहिलं, आणि हसला. बन माझ्या टेबलावर ठेवून गेला.

१६ सप्टेंबर

घशातून पांढरा केस ओढला. हातभर आला. त्याला चिकटलेलं पिवळं काहीतरी. तुटला. उरलेला आत आहे. गिळताना हलतो.

२० सप्टेंबर

जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गेले. तो माझ्यासारखा दक्षिणेकडचा. सगळं सांगितलं, एकूण एक. तो स्क्रीनकडे बघत टाइप करत होता. तोंडात, पायांत, घशात त्याला काही दिसलं नाही. कामाचा ताण म्हणाला. सांगून काडीचा फरक पडला नाही.

परतताना दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, बरी आहेस ना गं, रंग का उतरलाय? मी तोंड उघडलं. म्हटलं, जिभेखाली. तिने भुरका मारायला ओठांचा चंबू केला, आणि मला त्या चंबूकडे बघून हाव सुटली. हो, हावच. तिच्या त्या स्वच्छ गुलाबी तोंडात सगळं ओतावंसं वाटलं. दूध तिथेच टाकून पळाले. मला माझ्या मोज्यांची आली नव्हती इतकी किळस स्वतःची आली.

२४ सप्टेंबर

सिवला गाठलं. ती भांडी पुसत राहिली. म्हणाली, तुला सांगितलं होतं, ओठ मिटून ऐक. मी म्हटलं, धड सांगायचंस. तर म्हणाली, धड सांगितलेलं आजवर कुणी ऐकलंय? आमच्याकडे दुखणं विचारत नाहीत, विचारलं तर तळाला जात नाहीत. वरवर हो म्हटल्याने काही होत नाही. तू तळाला गेलीस आणि भुरका मारून ते आत घेतलंस.

उतरवायचं कसं, विचारलं. तिने हातातली बशी मांडणीवर ठेवली. मग म्हणाली, तसंच. जो जीव लावून ऐकेल आणि हो म्हणेल, त्याच्यात. तुझ्याआधीची पोरगी आईकडे गेली होती रडायला. आईला पुरून आली आणि मग नोकरी सोडली.

आश्रमातल्या माझ्या खोलीबाहेर खुर्च्या मांडल्या आहेत. सगळे बसलेत, आंघोळ करून, चांगले स्वेटर घालून, मांडीवर बन. मला बघून हसले.

२९ सप्टेंबर

रजा घेतली. एस्किल विचारतो. सारखा विचारतो. मी मान हलवते, काही नाही म्हणते. तो कॉटवर बसतो, माझा पाय हातात घेतो — ओला पाय — आणि वासाने तोंडही वाकडं करत नाही. म्हणतो, टिल्डा, कुठे होतंय ते तरी सांग. त्याचे ओठ आधीच तयार असतात. त्याला माहीतही नाही. सगळा जन्म तो असाच हो म्हणत आलाय. माझ्याशी लग्न करतानाही चर्चमध्ये त्याने भुरकाच मारला होता, आणि माझी आई हसली होती.

त्याला सांगायचं नाही. काही झालं तरी त्याला नाही.

५ ऑक्टोबर

बोलणंच बंद केलं आहे. घशात केसांचा बोळा. चमच्याने सूप जातं, त्यालाही मासळीची चव.

पण कुठेतरी ओकलं नाही तर वेड लागेल. म्हणून वहीत. वहीला श्वास नसतो. शिकले तशी, नीट:

कुठे — जिभेखाली, डावीकडे जास्त. पोटऱ्या, मागून. घसा, गिळण्याच्या जागी.
केव्हापासून — हिल्डिंग, यूडित, आल्वार, त्याच क्रमाने.
कसं — कातडं आता जाड झालंय, जिभेला कुरवाळतं. ओलावा गुडघ्यांवर चढलाय, त्यात बारीक दाणे. केस ओढला की बेंबीत कळ येते.
कशाने वाढतं — गप्प राहिल्याने.
कशाने उतरतं — लिहिणार नाही.

९ ऑक्टोबर

दाण्यांतून पांढरं निघतं. पुसते — पुन्हा.

एस्किल दाराबाहेर बसून रडला. आत ये म्हणायला — नाही. वही उशीखाली.

१२ ऑक्टोबर

केस आज दातांत —

तो म्हणतो बोलू नकोस, लिहून दे मग. मी डोळे मिटून —

१४ ऑक्टोबर

सकाळी जाग आली तर तोंड स्वच्छ होतं.

जीभ सगळीकडे फिरवून पाहिली. काही नाही. पाय कोरडे. घसा मोकळा. उठून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पाव कापला, वर लोणी, चीज. पावाला पावाची चव. उभ्याने खाल्ला, रडत खाल्ला, दुसरा कापला. मग वही दिसली.

उशीखाली नव्हती. टेबलावर उघडी पडली होती, शेजारी एस्किलचा चष्मा, पाच तारखेच्या पानावर कपाचा गोल डाग. त्याने वाचली. काळजीने, सावकाश, एकेक ओळ — आणि दर ओळीला —

न्हाणीघरात नळ चालू आहे. तो थुंकतोय. पुन्हा थुंकतोय.

मला लगेच उठायला हवं होतं. मी आधी दुसरा तुकडा संपवला. हे इथे लिहून ठेवते, कारण खरं आहे.

तो आतून हाक मारतोय. म्हणतोय, टिल्डा, तू म्हाताऱ्यांना विचारायचीस तसं मला विचार ना. त्याने वही वाचली आहे, विचारल्याने काय होतं ते त्याला माहीत आहे. की घाबरून सुचत नाहीये त्याला? की हाव — मला आली होती तशी?

माझ्या तोंडात अजून लोण्याची चव आहे. आत्ता दारातून निघून गेले तर ती राहील.

नळ बंद झाला. आला बाहेर, तोंडावर टॉवेल, मोजे ओले, फरशीवर डाग. समोर बसला. मी लिहिते आहे म्हणून तो थांबलाय, शहाण्यासारखा. मी विचारलं, कुठे. विचारलंच. आता फक्त ओठ मिटायचे, सिवसारखे, दाबून धरायचे. तो सांगतोय. जिभेखाली, म्हणतो, काहीतरी निजलंय. माझ्याकडे बघतोय, कुणीतरी हो म्हणावं म्हणून, आणि माझे ओठ —