धुतलेल्या गवताचा खुलासा

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याने तुला फोनवर सांगितलं की ताईने गिनीपिगांना उपाशी ठेवलं, एकीला जाळीत अडकवलं आणि शेवटी दवाखान्यात नेलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ज्या सुरात त्या तुझ्या कानावर गेल्या त्यावरून मी कसाईण ठरते, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. (फोन केला असता, पण तू मध्ये बोलतेस. पत्रात ती सोय नसते.) तुझी तब्येत कशी आहे? प्रशिक्षणाच्या ठिकाणी उशी बरी मिळाली का? मान धरली असेल तर शेक घे, ऊठसूट गोळ्या खाऊ नकोस. माझा गुडघा आहे तसा आहे.

आता मुद्दा. गवताच्या धुळीने तुझ्या नवऱ्याला शिंका येतात म्हणून जाताना तू तपकिरी आणि पांढरी या दोघींना माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवलंस. सोबत वाळलेल्या गवताचं पोतं आणि सूचनांचा कागद. त्यातलं पहिलंच वाक्य, ‘गवत सतत समोर असू दे.’ मी वाचलं. मला पटलं नाही. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी एकतीस वर्षं काढली आहेत. अन्न सतत समोर असलं की काय होतं ते मला विचार. तेव्हा मी वेळा ठरवून दिल्या. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात, आणि वीस मिनिटांनी ताटली उचलायची. पांढरी दोन दिवसांत शिस्तीला लागली. तपकिरी मात्र उचललेल्या ताटलीकडे अशी बघायची की मला वसतिगृहातल्या एका मुलीची आठवण झाली. (ती मला कधीच आवडली नाही. अजून दरवर्षी भेटायला येते.)

दुसरं, धुण्याचं. गवत झटकलं तर खोलीभर धूळ. जे खायचं ते धुऊन खायचं हे आईने आपल्या दोघींना शिकवलं, निदान मी तरी शिकले. सबंध पोतं तीन पाण्यांतून काढलं, पिळलं आणि गच्चीत दोरीवर घातलं. वरच्या मजल्यावरचे शिंपी डोकावून म्हणाले, “बाई, इस्त्रीचं काय करायचं? देऊ मारून?” वरून कोरडं लागलं तसं चार दिवसांपुरतं बाहेर ठेवून बाकीचं पुन्हा पोत्यात दाबून भरलं. चार दिवसांनी तोंड उघडलं तर आत ऊब, कुबट वास आणि मधोमध करडी बुरशी. सगळं टाकून दिलं आणि नवीन आणलं. (बुरशीचं गवत चारलं, असं तुझा नवरा म्हणाला असेल तर ते खोटं आहे.)

तिसरी चूक मात्र पूर्णपणे माझी. दोघी गवतावर बसतात, त्यातच घाण करतात आणि तेच खातात, हे मला बघवेना. म्हणून कांदे येतात त्या जाळीच्या पिशवीत गवत भरून मी ती जेवणाच्या वेळी ताटलीऐवजी पिंजऱ्यात टांगली. दिसायला छान दिसत होती. दुपारी चिरका आवाज आला. तपकिरीने जाळीत डोकं घातलं होतं आणि सुटायच्या धडपडीत गोल फिरून फास आवळून घेतला होता. माझी कात्री जागेवर नव्हती. (असते. त्या दिवशी नव्हती.) शिंप्यांना हाक मारली. ते गळ्यात टेप तसाच ठेवून, आपली कात्री घेऊन धावत आले. “धरा घट्ट बाई, हात थरथरू देऊ नका.” माझे हात थरथरत नव्हते. त्यांचेही नव्हते. थरथरत होती ती तपकिरी.

सुटली, पण दुसऱ्या सकाळी तिने तोंडच उघडलं नाही. गवत नाही, पाणी नाही, लेंडी नाही. टोपलीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई आपल्या भाचीच्या वयाची असेल. म्हणाली, “काकू, यांचे दात जन्मभर वाढतात. ते गवत चावूनच झिजतात. पोटही सतत चालू राहावं लागतं, अर्धा दिवस बंद पडलं तरी जिवावर बेततं. तुम्ही गवत किती वेळा देता?” मी वेळा सांगितल्या. ती पेन खाली ठेवून म्हणाली, “आणि घंटाही वाजवता का?” वाजवत होते.

मग दोन दिवस दर तीन तासांनी सुईशिवायच्या पिचकारीने तिच्या तोंडात पातळ लगदा घातला. तिसऱ्या दिवशी तिने ढिगातून आपणहून एक काडी ओढली. ती चावते तेव्हा कुणी हळूच कागद फाडावा तसा आवाज येतो. मी तो आवाज बराच वेळ ऐकत उभी होते, गुडघा असूनही.

आता गवत गच्चीत झटकते, हुंगून बघते, कोरडंच कापडी पिशवीत जमिनीपासून उंच ठेवते आणि पिंजऱ्यात सुटा ढीग घालते. तो दिवसरात्र असतो. बसोत त्यावर.

रविवारी त्यांना तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे हलवायचं ठरवलंय म्हणे. खुशाल हलवा. सोफ्यावर काड्या राहणार नाहीत आणि मला दुपारी झोप मिळेल.

तुझी,
ताई

ता. क. : मैत्रिणीला फोन करून गवत कुठे ठेवणार ते विचारलं. “न्हाणीघराच्या माळ्यावर,” म्हणाली. न्हाणीघराच्या!

ता. क. दुसरा : डॉक्टरीणबाईंनी तपकिरीची जागा आठवडाभर बदलू नका असं सांगितलंय. मी त्याचे तीन आठवडे केले आहेत. तुझं प्रशिक्षण तेवढंच उरलंय. त्यानंतरही तू घाई केली नाहीस तर बरं होईल. हे मी सांगत नाही, मागते आहे.

ता. क. तिसरा : पत्र टाकायचं राहिलं आणि रविवार उजाडला. तुझा नवरा आला. “ताई, मी तिला काय सांगू?” म्हणाला. म्हटलं, तू काही सांगू नकोस, उद्या तिच्याकडे जातोच आहेस तर पत्र दे. त्याच्या ताब्यात दिलं ते असं. खोकं, त्यानेच आणलेलं, झाकणाला भोकं पाडलेलं, रिकामं, एक. चहा, एक कप. हे पत्र, बंद पाकिटात, एक. गिनीपिग, एकही नाही.