बाळंतिणीची खुर्ची

माय, तुला जाऊन तीस वर्षं होत आली. तू असतीस तर हे लिहायची गरज नव्हती; तुला वाचता येत नव्हतं, मीच समोर बसून सांगितलं असतं. निदान तसं स्वतःला समजावते आहे. खामगावच्या जपानी बंगल्यातल्या त्या सकाळची गोष्ट काल पुन्हा निघाली, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

बंगला जिनिंगच्या मागे होता, कापूस खरेदी करणाऱ्या जपानी कंपनीचा. तिथल्या साहेबाला दलाल टरकून असत. रुईचा पुंजका बोटांत ओढून तो नुसती मान हलवायचा आणि भरल्या गाड्या परत फिरायच्या. त्याची बायको मात्र आपण फक्त व्हरांड्यात उभी असलेली पाहिली होती. डिसेंबरातल्या एका दुपारी त्याचा माणूस धापा टाकत आपल्या दारात आला. दवाखान्याचे डॉक्टर बुलढाण्याला गेलेले, बाईच्या कळा सुरू झालेल्या आणि मूल पायाळू. तू भाकरी थापत होतीस. तवा खाली उतरवलास, हात कोपरापर्यंत धुतलेस, नखं निरखून पाहिलीस आणि निघालीस. मला इंग्रजी येतं म्हणून सोबत आले. बाईला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा मी पाणी तापवत बसले. तू तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हणते आहेस, "आता जोर लाव, बाई. आता थांब." आणि ती जोर लावते आहे, थांबते आहे. कोणत्या भाषेत तुमचं चाललं होतं ते मला अजून कळलेलं नाही. दिवेलागणीला मुलगा रडला, तेव्हा दाराबाहेर उभा असलेला साहेब भिंतीला टेकून तसाच खाली बसला. त्यानंतर तू रोज जायचीस. तिला शेक द्यायचीस, कानाला फडकं बांधायचीस आणि डिंकाचा लाडू पुरता संपेपर्यंत समोरून हलायची नाहीस.

इंग्रजी नवं वर्ष लागलं की मुंबईतले जपान सरकारचे प्रतिनिधी, कॉन्सल, आपल्या लोकांना मेजवानी देत असत. पण जानेवारी म्हणजे कापसाचा भर, वऱ्हाडातल्या खरेदीदारांना जागचं हलता येत नसे. म्हणून त्या वर्षी कॉन्सल साहेबच जलंबला गाडी बदलून खामगावला आले. अकोला, अमरावती, मलकापूर इथून पंधरा-वीस जपानी जमले. गावातले तहसीलदार, जिनवाले शेठ, वकील यांना बोलावणं होतं. साहेबाने स्वतः दारी येऊन तुलाही बोलावलं आणि मला दुभाषी म्हणून. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि मॅट्रिकचा तोरा अंगात होता. निघताना मी तुला बजावलं, "तिथं मोठी माणसं राहतील. विचारलं तेवढंच बोल."

"मी काऊन बोलू? मले त्याईची भाषा येते का?" तू म्हणालीस आणि धुतलेल्या लुगड्याचा पदर नीट केलास.

तुझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. मागून वकील हळूच कोणाला तरी म्हणाले, "सुईणीला खुर्ची?" तुला ऐकू गेलं. खुर्चीच्या कडेला टेकली होतीस ती सरकून पाठ टेकून बसलीस. सगळे जपानी आपल्या बादशहाच्या दिशेला वाकले, संथ आवाजात गाणं म्हणाले, मग दोन्ही हात वर करून तीनदा घोष केला. तिसऱ्या वेळी तूही हात वर केलेस, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉन्सल साहेब इंग्रजीत छान बोलले. घर इतकं लांब असताना नव्या वर्षाला आपली माणसं एकत्र दिसणं किती मोठं असतं, हे त्यांनी सांगितलं. मग ते तुझ्यासमोर आले आणि चक्क कमरेत वाकले. म्हणाले, वऱ्हाडात जन्मलेलं आमचं हे पहिलं मूल तुमच्या हातांनी आलं, त्याच्यासाठी नव्या वर्षाचे दोन शब्द बोला. मी तुला ते सांगितलं. तू त्यांच्याकडे पाहतच नव्हतीस. बाई तिच्या देशाच्या पोशाखात, कुटलेल्या भाताच्या वड्यांचं आणि छोट्या पेल्यांचं तबक घेऊन पाहुण्यांमधून फिरत होती. ओठ पांढरे पडले होते. मधूनच ती भिंतीला हात लावत होती.

"त्याले सांग," तू म्हणालीस, "लेकराचं बरंच होईन. पन थे बाई पहाटपासून उभी हाये. अठरा दिवसाची ओली बाळंतीन हाये. इतक्या बाप्यांतून एकाले दिसत नाही का? तिले बसवा म्हना आधी."

मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, माझी आई बाळाला दीर्घायुष्य आणि दोन्ही देशांच्या मैत्रीला शुभेच्छा देते.

टाळ्या पडल्या. कॉन्सल साहेब पुन्हा वाकले. तू वाट पाहिलीस. बाई तशीच उभी, टाळ्या चाललेल्या. तेव्हा तू उठलीस, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचललीस आणि त्या सगळ्यांमधून नेऊन तिच्यामागे ठेवलीस. तिच्या हातातलं तबक काढून घेतलंस, खांद्याला धरून तिला बसवलंस. मग इकडेतिकडे पाहिलंस आणि ते तबक साहेबाच्या हातात दिलंस. "धर," म्हणालीस.

ज्याच्या मानेच्या हालचालीवर बाजार चालायचा तो माणूस तबक धरून उभा होता. बाई तोंडावर बाही धरून रडत होती, पण खुर्चीवरून उठली नाही. मग कॉन्सल साहेब पुढे झाले, त्यांनी साहेबाच्या तबकातला पेला दोन्ही हातांनी उचलला आणि आधी बाईला, मग तुला मान लववली. त्यानंतर साहेबानेच सगळ्यांना वाढलं. तहसीलदारांना, शेठना, वकिलांनाही. तू बाईजवळ जमिनीवर बसून तिच्या पायांना हात लावून पाहत होतीस, गार पडलेत का म्हणून.

परत येताना तू विचारलंस, "मी म्हनलं तेच सांगतलं ना तू?"

"हो."

"मंग कोनी उठलं काऊन नाही?"

मी म्हणाले, त्यांना उमगायला वेळ लागतो. तुला ते पटलं. पुढे कितीतरी दिवस तू आळीत सांगायचीस, "मानसं लय चांगली हायेत, पन त्याईले एका बारीनं समजत नाही." मोठी लढाई लागली, बंगल्याला कुलूप पडलं, ती माणसं कुठे गेली कळलं नाही. बोलणं निघालं की तू बाईची आठवण काढायचीस, आणि मी विषय बदलायचे.

पुढे मीच ही गोष्ट शाळेत दरवर्षी सांगितली. माझ्या गोष्टीत मी ताठ उभी राहते आणि तुझा शब्दन् शब्द कॉन्सल साहेबांना ऐकवते. मुलींना ती फार आवडायची. काल नातीला सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, तू सांगितलं होतंस, तर मग पणजीला का उठावं लागलं?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, उशीखाली राहील. मी कॉन्सल साहेबांना घाबरले नव्हते, माय. तुझं बोलणं मला गावंढळ वाटलं, एवढंच होतं.