चॅपलमधल्या पेटीची चावी

प्रिय सालोंगो,

रागावलास तरी चालेल, पण सुरुवात मी याच हाकेनं करणार. जुळ्यांचा बाप म्हणून सगळं मसाका शहर तुला सालोंगो म्हणायचं. बाजारातल्या बायका टोपल्या सोडून ओरडायच्या, बोडावाले मोटारसायकल थांबवून विचारायचे, "सालोंगो, पोरं कशी आहेत?" त्या प्रश्नाचं उत्तर देणं तुला जमेनासं झालं आणि तू भावाकडे बेटावर निघून गेलास. मला कुठं जायची सोय नव्हती. मी अजून नालोंगोच आहे, जुळ्यांची आई, आणि कुणी हाक मारली की अजून वळून बघते. आपला वास्वा बरा आहे. पुढचे दात पडलेत, त्यामुळे मुकेनेची बारकी मासळी खाताना तोंड वेडंवाकडं करतो आणि तिची डोकी माझ्या ताटात टाकतो. त्याच्याबद्दल शेवटी लिहिणार आहे. आधी तुझ्या पेटीची गोष्ट ऐक, कारण ती ऐकल्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

सोमवारी सकाळी सरोवराकडून वादळ आलं. आपल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेमागच्या खांबावर वीज पडली आणि सर्व्हरच्या खोलीतून जळका वास यायला लागला. विजेची जमिनीत जाणारी तांब्याची तार कुणीतरी कधीच कापून नेली होती, हे नंतर कळलं. तू नव्या नर्सना समजावायचास ना, की बाहेरून हा एकच सर्व्हर दिसतो, पण आत सगळी बिऱ्हाडं राहतात, औषधांचं मशीन वेगळं, मुलांच्या वॉर्डाचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं? घरच जळल्यावर सगळी बिऱ्हाडं एकदम गेली. तू गेल्यापासून ती खोली माझ्याकडेच आहे, म्हणून मी डिस्का काढून एकेक करून दुसरीकडे लावून पाहिल्या. एकही जागी झाली नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि तुझ्या नावानं एक मोठी शिवी हासडली. ती इथं लिहीत नाही, कारण हे पत्र फेरीबोटीवरचा मुसोके घेऊन येणार आहे आणि तो पत्रं उघडून वाचतो असा माझा संशय आहे.

त्याच सकाळी मुलांच्या वॉर्डात नाकिंटू नावाची मुलगी आली होती. सिकलसेलची, वास्वाच्याच वयाची. डोळे पिवळे, श्वास वरवर चाललेला, अंगात रक्त जवळजवळ उरलेलंच नाही. रक्त द्यायलाच हवं होतं, आणि तिच्या गटाचं रक्त फ्रिजमध्ये होतंही. पण डॉक्टर ओडोंगनी हात आखडला. मागे एकदा आपल्याचकडे रक्त दिल्यावर ही पोर थरथरायला लागली होती, लघवी काळी झाली होती, एवढं तिच्या आईला आठवत होतं. रक्तातली नेमकी कुठली गोष्ट तिला सोसत नाही, ते तेव्हा प्रयोगशाळेनं शोधून मशीनमध्ये लिहून ठेवलं होतं. आता तिचं रक्त पुन्हा तपासून काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, "हे असंच असतं रेजिना. ती खूण रक्तातून पुसली जाते, पण शरीर विसरत नाही. चुकीची पिशवी लावली तर या वेळी ती वाचणार नाही. आणि पिशवी लावलीच नाही, तरी संध्याकाळपर्यंत काही खरं नाही." म्हणजे त्या पोरीचा जीव ज्या एका ओळीवर होता, ती ओळ आता फक्त बॅकअपमध्ये होती.

बॅकअप शाबूत होता. तू ती बॅकअपची पेटी चॅपलमागच्या सॅक्रिस्टीच्या खोलीत, पाद्र्यांच्या झग्यांच्या कपाटाखाली नेऊन ठेवलीस तेव्हा फादर किती कुरकुरले होते. देवाच्या घरात हा पंखा का घुरघुरतो म्हणून. वेगळी इमारत, वेगळी सौर वीज, म्हणून तिला ओरखडाही आला नव्हता. मी कोठारातला जुना सर्व्हर ओढून काढला, ज्याला तू म्हातारी म्हणायचास, तो धुळीतून झटकला, त्यावर सगळं नव्यानं बसवलं आणि चॅपलच्या पेटीला जोडला. रविवार रात्रीपर्यंतचे सगळे बॅकअप ओळीनं दिसले. मला रडूच आलं. मग प्रयोगशाळेच्या मशीनवर बोट ठेवलं आणि पेटीनं चावी मागितली.

तुझा तो लांबलचक पासवर्ड. चॅपल सदा उघडं, कुणी पेटी उचलून नेली तरी रुग्णांची माहिती वाचता येऊ नये म्हणून तू सगळं कुलुपात घातलंस, ते बरोबरच होतं. पण जळलेल्या सर्व्हरला ती चावी पाठ होती, त्यामुळे रोज रात्री बॅकअप आपोआप जायचा आणि आम्हा कुणालाच ती कधी टाइप करावी लागली नाही. आपले सगळे पासवर्ड तू ज्या मशीनमध्ये जपून ठेवले होतेस, ते मशीनही त्याच सर्व्हरमध्ये राहत होतं. किल्ल्या घरात ठेवून दार ओढून घ्यावं तसं केलं आपण, आणि दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. तू निघालास तेव्हा मी तुला चावी विचारली होती. तू पिशवी बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "चावी तुला ठाऊक आहे."

तुझा जुना नंबर बंद. तुझ्या भावाचा लागला, तर तो म्हणाला, "होड्या मासेमारीला सरोवरात गेल्यात, नालोंगो. उद्या परततील. तिकडं रेंज नसते." उद्या घेऊन मी काय करू? मग बसले अंदाज करत. तुझ्या आईचं नाव, तुझं गाव, तुझ्या गोत्राचा प्राणी, तुझी ती फुटबॉलची टीम जी कधीच जिंकत नाही, आपल्या लग्नाची तारीख, माझं माहेरचं नाव. माझ्या नावानं उघडलं नाही तेव्हा, खरं सांगते, त्या गडबडीतही थोडं लागलं. नर्स तेओपिस्ता दर थोड्या वेळानं दारात येऊन उभी राहायची, माझा चेहरा बघून परत जायची. सिस्टर पास्कालिना खुर्ची टाकून माझ्या मागेच बसली होती. ती म्हणाली, "मी जपमाळ ओढतेय पोरी, पण त्यानं काही ही पेटी उघडायची नाही. तू कशाला तरी घाबरतेयस. मघापासून तुझी बोटं एकाच ठिकाणी येऊन थांबतायत."

ती बरोबर होती. मला सुरुवातीपासून वाटत होतं की चावी काय असेल. पण ते नाव मी दोन वर्षांत उच्चारलेलं नाही. लिहिलेलंही नाही. घरात कुणी घेतलं तर मी उठून बाहेर जाते. जुळं मूल मरत नाही, उडून जातं, असं आपल्याकडे म्हणायचं असतं, आणि सगळ्यांनी माझ्याजवळ तसंच म्हटलं, त्याच वॉर्डात, त्याच खिडकीशी, ताप मेंदूत चढला त्या पहाटे. तू तेव्हा आपल्या धाकट्याचे पाय धरून बसला होतास. सिस्टरला मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, "मग मला सांग, मी टाइप करते." तेही मला नको होतं. मी स्वतःच टाइप केलं. काटो, आणि पुढं त्याचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याच्या नावासकट.

पेटी उघडली नाही.

मी मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सगळं करून पाहिलं. नाहीच. मग मला तुझा असा संताप आला, की तू समोर असतास तर म्हातारी उचलून तुझ्या डोक्यात घातली असती. एवढं ते नाव माझ्याकडून वदवून घेतलंस आणि तेही चुकीचं? मी उठून ओसरीत गेले. तिथं नाकिंटूची आई भिंतीला टेकून बसली होती. तिला आपल्या घरचं काही माहीत नव्हतं, दूरच्या गावची बाई, सकाळपासून सगळे मला नालोंगो म्हणतात एवढंच तिनं ऐकलेलं. मला बघून ती घाईनं उभी राहिली, गुडघा टेकून नमस्कार केला आणि कमरेच्या कापडातून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला. मग लगेच दुसरा शोधायला लागली. मी म्हटलं, राहू दे, आई, एक पुरे. तर ती मला दरडावायलाच लागली, "एक कसा पुरेल? जुळ्यांच्या घरी एकाला द्यायचं आणि एकाला नाही, हे कुठं असतं? तू आई ना त्यांची? एकाचं नाव घेतलंस तर दुसऱ्याला राग येतो, मी तुला सांगायला हवं का?" आणि तिनं दुसरा पेरू काढून पहिल्याशेजारी ठेवला. तिची स्वतःची पोर आत तशी पडलेली असताना.

मी तशीच पळत आत आले. पेरू हातातच होते, ते कीबोर्डशेजारी ठेवले. आधी वास्वा, मग काटो, दोघांची पूर्ण नावं, मध्ये जागा न सोडता, जशी तू त्यांना अंगणातून जेवायला हाक मारायचास, एका दमात. पेटी उघडली.

त्यानंतर मात्र मी तू शिकवलंस तसंच केलं, घाई असूनही. फक्त प्रयोगशाळेचं मशीन आधी परत आणलं, बाकी सगळ्यांना थांबवलं. म्हाताऱ्या डिस्का, आकडा सरकता सरकत नव्हता. डॉक्टर ओडोंग येऊन म्हणाले, "याला ढकलता येत नाही का?" सिस्टर म्हणाली, "तुम्ही ढकलत असाल तर खुर्ची देते." मध्येच दिवे मिणमिणले आणि आम्ही सगळे श्वास धरून छताकडे बघत राहिलो, पण बॅटरीनं सांभाळलं. आकडा भरला तेव्हा तेओपिस्ता ओरडली, "चालू कर ना आता!" मी केलं नाही. आधी नेटवर्कची तार काढली. परत आणलेलं मशीन आदल्या रात्रीत जागं होतं, त्याला मधलं काही ठाऊक नसतं, ते उठल्या उठल्या जुनेच निरोप पुन्हा सगळ्यांना धाडायला लागतं. म्हणून त्याला आधी एकटं बसवायचं, घड्याळ दाखवायचं, शेवटची नोंद विचारायची. शेवटची नोंद रविवारच्या रात्रीची निघाली. मग नाकिंटूचं नाव शोधलं, आणि ती ओळ होती. डॉक्टरांनी वाचली, नुसतं "बरं" म्हणाले आणि पळाले. फ्रिजमधल्या पिशव्यांपैकी बहुतेक तिच्यासाठी विष होत्या. एकच चालण्यासारखी होती. ती लावली. आज सकाळी ती पोर उठून बसली आणि उकडलेल्या केळ्यांचं मटोके नको, चपातीच हवी म्हणून आईशी भांडली. बाकीची मशीनंही एकेक करून परत आलीत, एवढंच की सोमवार सकाळचं सगळं हातानं भरावं लागतंय आणि तेओपिस्ता मला रोज टोमणे मारते.

आता तुला वाटेल, चावी मिळाली, पोर वाचली, मग हिनं पत्र का लिहिलं? जानेवारी संपत आलाय, सालोंगो. पुढच्या आठवड्यात तुझ्या मुलाचं नाव शाळेत घालायचंय. जुळ्यांतला थोरला तो वास्वा नि धाकटा तो काटो, त्यामुळे वास्वा म्हटलं की जो तो पहिलं हेच विचारतो, काटो कुठंय? शेजारची मुलं विचारतात, मास्तरनंही विचारलं. रविवारी रात्री अंथरुणात तो मला म्हणाला, "आई, काटो नाही, तर मी अजून वास्वा आहे का?" मी त्याचं पांघरूण सारखं केलं. मग तोच म्हणाला, "शाळेत वास्वा नको, नुसतं जोआकिम लिही. मग कुणी विचारणार नाही." आणि मी हो म्हटलं होतं. खरंच हो म्हटलं होतं, सोमवारच्या आदल्या रात्री. मला वाटत होतं तू त्या दोघांनाही टाकून गेलास आणि इथं मी एकाला तरी सांभाळतेय. पण इतके दिवस मी एकालाच मनात धरून बसले होते, जो गेला त्याला, आणि ज्यानं त्यांना एका क्षणासाठीही वेगळं केलं नाही तो तिकडं जाळी ओढत बसलाय. वास्वाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. मुसोकेच्या हाती जबाब पाठवू नकोस. लुकूच्या धक्क्यावरून सकाळची पहिली फेरीबोट धर, आणि अंगणात येऊन उभा राहा, आणि पूर्वीसारखी दोघांना एका दमात हाक मार. एकजण तरी धावत येईल.

तुझीच,
रेजिना